दगडाखालचं पाणी

‘मनःशांती आणि सहिष्णुता’ हे शब्द महाराजांच्या प्रवचनाच्या पत्रिकेवर छापलेले पाहिले तेव्हा मला आधी रागच आला. खोटं कशाला सांगू? सानगडीच्या अलीकडे आमचं लहानसं गाव. धानाची शेती, एक तलाव, तलावाच्या काठाला मासोळ्या धरणाऱ्यांचा मोहल्ला. इथे शांती कोणाला कमी पडली होती? मी सरपंचाला तोंडावर म्हटलं, “भजन ठेवा, काला ठेवा. हे शांती-बिंतीचं कायले?” तो हसून म्हणाला, “भाऊ, तुमच्याचसाठी ठेवलं समजा.” बसलेले सगळे हसले. माझा तापट स्वभाव गावाला पाठ आहे. घरी येऊन बायकोजवळ कुरकुर केली, की एवढी वर्षं मी या गावाला सहन करतो आहे, मला कोण सहिष्णुता शिकवणार? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमी कोनाले सहन करता जी? तुमाले तं आमी सहन करून राहिलो.” त्यावर मी जेवणाचं ताट न वाढू देताच उठलो आणि शेताकडे निघून गेलो. असा मी.

पण रागाच्या खाली काय होतं ते मला ठाऊक होतं. नऊ वर्षं माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. साकोलीच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी लावून दिली होती आणि चिडू नका म्हणून सांगितलं होतं, जसं काही चिडणं आपल्या हातात असतं. मी देवाचं करायला कमी पडलो नाही. रोज सकाळी मारुतीच्या देवळात दिवा, एकादशीला उपास, गावात कधीही सप्ताह बसला तर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत हजर. सगळं करून उठलो की आत तेच, कोरडं. हात जोडून डोळे मिटले की देवाची मूर्ती समोर येतच नसे. एक दगड यायचा, शेंदूर लावलेला, अन् त्याच्याभोवती उलटे पडलेले पांढरे मासे. देव माझ्याकडे पाठ करून बसला आहे असं मला वाटायचं. आता कळतं की पाठ मीच केली होती, आणि देवळात जाऊन त्याच्यावर रुसत होतो.

तो दगड म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. आमचा तलाव जुना आहे. त्याच्या मातीच्या उंच पाळीला आतल्या बाजूनं दगडी पायऱ्यांचा घाट आहे आणि तिथं पाणी सोडायचं तुडूम आहे. तुडूम म्हणजे दगडात पाडलेलं भोक आणि त्यात ठोकलेला लाकडाचा जाड खुंटा. खुंटा सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, काढला की पाणी खाली धानाच्या बांध्यांमध्ये, बांध घातलेल्या वाफ्यांत, जातं. परत बसवताना त्याला तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, दोर वळून गुंडाळायचा, म्हणजे पाणी झिरपत नाही. तुडुमाजवळच तो शेंदराचा दगड रोवला आहे. दगडाच्या वरचं पाणी धानाचं, खालचं पाणी गुराढोरांचं, मासोळ्यांचं आणि देवाचं. कितीही कोरडा दुष्काळ पडो, दगडाचं डोकं उघडं पडलं की खुंटा मारायचा. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण आमच्या आज्या-पणज्यांनी ते मोडलं नाही. खुंटा काढायचा-मारायचा मान काठावरच्या मोहल्ल्यातल्या सोमाच्या घराकडे होता. आधी त्याचा बाप, मग सोमा. सोमा माझ्या बरोबरीचा. मला पोहायला त्यानंच शिकवलं, हनुवटीखाली हात धरून. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेली भुजली तलावात शिरवली की गव्हाची ती पिवळी पाती एकमेकांना देऊन गळाभेट घ्यायची आमच्याकडे रीत आहे. वर्षभराचं रुसणं-फुगणं त्या दिवशी सोडून द्यायचं. माझी पहिली भुजली कायम सोमाच्या हातातली.

त्या प्रवचनाच्या नऊ वर्षं आधी हस्ताचा पाऊस आलाच नाही. धान निसवायच्या बेतात उभं, आणि खाली बांध्यांना भेगा पडायला लागल्या. तुडूम उघडलं. पाणी एकाएकाच्या बांधीतून पुढं सरकत आलं, पण माझ्या दोन बांध्या सगळ्यात शेवटी. माझ्या शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत पाणी आलं आणि त्याच सकाळी दगडाचं डोकं उघडं पडलं. सोमानं खुंटा मारला. मी पाळीवर जाऊन त्याला हात जोडले, म्हटलं, एक दुपार सोड, फक्त माझ्यापुरतं. त्या वर्षी माझ्या पोरीचं लग्न जमत आलं होतं, ते त्याला मालूम होतं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “दगडाखाली नाही गा. तुझ्यासाठीबी नाही, अन् मायासाठीबी नाही.” मी त्याचा हात झटकला. जे बोलू नये ते बोललो. त्याच्या जातीवर गेलो, बापावर गेलो. तुम्हाला मासोळ्या प्याऱ्या आहेत, आमचं अन्न मेलं तरी तुमचं काय जातं, असं म्हणालो. तो पाळीवरून उतरला. सब्बल खांद्यावर टाकून घराकडे गेला. आजही त्या शब्दांची आठवण आली की माझी जीभ जड होते.

दुसऱ्या दिवशी सोमा सकाळीच बहिणीच्या गावाला तेरवीला गेला. हे मला कळलं आणि माझी बुद्धी फिरली. भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, मी घरची सब्बल घेऊन पाळीवर गेलो आणि खुंटा काढला. घटकाभरच सोडायचं ठरवलं होतं, देवाशपथ. पण बांधीवर जाऊन उभा राहिलो, आणि भेगांमध्ये पाणी शिरताना जो आवाज येतो तो ऐकला, आणि मला सुख झालं. पहिली बांधी भरली, मग वाटलं दुसरीपण होऊन जाऊ दे. धुऱ्यावर बसून मी ते पाणी पाहत राहिलो. उन्हं कलली तेव्हा भानावर आलो. पळत जाऊन तणसाचा दोर वळला, खुंट्याला गुंडाळला आणि ठोकून बसवला. दगड पायथ्यापर्यंत उघडा पडला होता. त्या वेळी मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तलाव लहान, वर्ष कोरडं, आणि त्यावर चार दिवसांचं कडक ऊन. पाणी तापलं. एका सकाळी बायका धुणं घेऊन गेल्या त्या ओरडतच परत आल्या. सगळा काठ मेलेल्या मासोळ्यांनी पांढरा झाला होता. मोहल्ल्याचं वर्षाचं पोट त्या पाण्यात होतं. गुरं त्या पाण्याला तोंड लावेनात. आणि मग गावात बोलणं सुरू झालं. कोण पहिल्यांदा म्हणालं माहीत नाही. मासोळी सोपी सापडावी म्हणून सोमानंच पाणी उतरवलं असेल, तुडूम त्याच्याच हातात तर होतं. माझ्या बांध्या भरलेल्या दिसल्या, पण खुंटा मारायच्या आधीच पाणी तिथवर पोचलं असेल असं सगळे समजले. या तोंडातून त्या तोंडात, चहाच्या टपरीवरून चक्कीवर, चक्कीवरून देवळात. दोन दिवसांत ते असंच झालं म्हणून पक्कं झालं. त्याच्या मोहल्ल्यातलीही अर्धी माणसं मानू लागली. समाजमंदिरात बैठक बसली. मी पहिल्या रांगेत होतो. सोमाला बैठकीनं विचारलं, बोल ना गा, काय झालं? त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, “पाणी माया राखणीत उतरलं. चूक मायीच.” एवढंच. माझ्या तोंडापर्यंत शब्द आला होता. पोरीचं लग्न डोळ्यासमोर आलं आणि मी तो गिळला. बैठकीनं सोमाकडून सब्बल घेतली. आणि कोणाला द्यावी? गाव म्हणालं, कडक माणूस पाहिजे, कोणाची भीडमुर्वत न ठेवणारा. ती सब्बल त्यांनी माझ्या हातात दिली. आणि मी ती घेतली.

माझ्या दोन बांध्या त्या वर्षी पिकल्या. पोरीचं लग्न झालं. त्या धानाचा भात पहिल्यांदा ताटात आला तेव्हा घास फिरायला लागला, तो वर्षभर फिरतच राहिला. नऊ वर्षं मी तलाव राखला. एकदाही दगडाखाली पाणी जाऊ दिलं नाही. लोक म्हणत, पाणी राखावं तर भाऊंनीच. ते ऐकलं की मी उगाच कोणावर तरी चिडायचो. सोमा पाळीवर पुन्हा चढला नाही. मग त्याचे गुडघे गेले. काठीशिवाय चालता येईना, तरी मला आधी वाटलं हा सोंग करून राहिला, मला दाखवायला. इतकं मन काळं झालं होतं. भुजलीच्या दिवशी तो घाटावर जायच्या वाटेला, पाळीच्या खाली बसलेला दिसायचा, आणि मी दुसऱ्या बाजूनं उतरून जायचो. नऊ भुजल्या अशा गेल्या. घर दोन गल्ल्या सोडून, आणि मी त्याच्या अंगणात पाय ठेवला नाही. या नऊ वर्षांचं मला जे वाटतं ते कोणत्याही देवासमोर सांगून हलकं होणार नाही.

तर महाराजांच्या प्रवचनाचा दिवस आला. पौष महिना, धान निघून गेलेलं, तेव्हा पाळीखालच्या मोकळ्या बांध्यांमध्येच मंडप टाकला होता. सानगडीहून, साकोलीहून, आजूबाजूच्या गावांतून माणसं आली, बायका तर त्याहून जास्त. आभारप्रदर्शन माझ्याकडे. तलावाचा राखणदार म्हणून मला पुढच्या खुर्च्यांमध्ये बसवलं, कपाळाला टिळा, गळ्यात दुपट्टा. खिशात आभाराचा कागद होता. मागं वळून पाहिलं तर मंडपाच्या अगदी शेवटी, पिण्याच्या पाण्याच्या ड्रमांपाशी, उलट्या घमेल्यावर सोमा बसलेला दिसला. बसून होण्यासारखं काम म्हणून त्यानंच मागून घेतलं होतं. येईल त्याला गिलास भरून देत होता. आमची नजर भेटली आणि मी लगेच पुढं पाहिलं.

महाराज आमच्याकडचे नव्हते, बाहेरून आलेले. म्हातारे, बारीक, आवाज इतका साधा की मला वाटलं हे काय प्रवचन करणार. त्यांनी ओव्या-अभंग काही म्हटले नाहीत. शांती कुठून आणून मनात भरायची नसते, म्हणाले, मनात जे दडवून ठेवलं आहे ते बाहेर नेऊन ठेवलं की खाली उरते ती शांती. मी घड्याळाकडे पाहत होतो. मग ते म्हणाले, “सहिष्णुतेचं म्हणाल तर आपण सगळे समजतो की मी घरात इतक्यांना सहन करतो, गावात इतक्यांना सहन करतो. आज घरी गेल्यावर तसं म्हणू नका. आपल्याला कोण सहन करत आहे, तेवढं आठवा. जो बोलू शकत होता आणि बोलला नाही, त्याचं तोंड आठवा.” बायकांमध्ये थोडी हसाहस झाली. माझी घरची त्यांच्यात बसली होती, तिनं नक्की माझ्याकडे पाहिलं असणार. पण मला ती दिसली नाही. मला समाजमंदिर दिसत होतं, आणि माझ्याकडे एकदाच पाहून खाली गेलेली ती मान. नऊ वर्षांत माझ्या डोक्यात हा विचारच आला नव्हता. मी समजत होतो की सोमाला काही माहीत नाही, तो बिचारा भोळा म्हणून गप्प राहिला. त्याला माहीत असेल तर? मी मनात म्हटलं, मारुतीराया, आता तूच पाहा बापा, माझ्यानं होत नाही.

प्रवचन संपलं आणि माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो, कागद उघडला. मंडपवाल्याचे आभार, ग्रामपंचायतीचे आभार, सगळं ओळीनं लिहिलेलं. तोंड उघडलं आणि लाइन गेली. भोंगा खर्र करून बंद पडला, पंखे थांबले. मंडपवाल्यानं जनरेटरची दोरी ओढली, तो काही लागेना. मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. आधी वाटलं, सुटलो. देवानंच सोडवलं. आता दोन शब्द बोलून बसून घ्यायचं. माइक नाही म्हटल्यावर कोणी काही म्हणणार नव्हतं. सरपंचानं खूण पण केली, बसा म्हणून. पण मी हातातला कागद चुरगळला आणि तिथंच उभा राहिलो. आणि मग माझ्या तोंडातून जे निघालं ते माझं ठरवलेलं नव्हतं. मी ओरडलो, “नऊ वर्साआधी तलावाचं पाणी सोमानं नाही उतरवलं! मी उतरवलं होतं! मासोळ्या माया हातानं मेल्या!”

पुढच्या चार ओळींना ऐकू गेलं. त्यापुढं नाही, मंडप मोठा आणि माणसांचा गलका. मागून आवाज आले, काय म्हणते, काय म्हणते? आणि पुढच्यांनी मागं वळून सांगायला सुरुवात केली. “पाणी यानं सोडलं होतं म्हणते.” “कोणतं पाणी?” “मासोळ्या मेल्या नाही का, थे.” “अन् सोमा?” “सोमानं नाही म्हणते ना बापा!” मी उभा राहून पाहत होतो. ओळीमागून ओळ माना वळत होत्या. याच गावानं, याच तोंडांनी एकदा सोमाचं नाव घालवलं होतं, टपरीवरून चक्कीवर, चक्कीवरून देवळात. आज तीच तोंडं त्याचं नाव धुऊन मागं नेत होती, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. माइक चालू असता तर माझा आवाज एकदा गावावरून गेला असता आणि विरला असता. तसं झालं नाही. प्रत्येकाला ते आपल्या तोंडानं म्हणावं लागलं. हे कोणी केलं, मी सांगू शकत नाही. लाइन आमच्याकडे रोजच जाते, असंही कोणी म्हणेल. म्हणू दे.

शेवटच्या ओळीतल्या एका बाईनं खाली वाकून सोमाला सांगितलं, ते मला पुढून दिसलं. मग त्यानं ड्रममधून एक गिलास भरला आणि त्या बाईच्या हातात दिला, आणि काहीतरी बोलला. तो गिलास पुढं निघाला. या हातातून त्या हातात, आणि त्याच्यासोबत त्याचं बोलणंही. सांडत सांडत पुढच्या ओळीपर्यंत आला तेव्हा अर्धाच उरला होता. पुढच्या म्हाताऱ्यानं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “सोमा म्हणते, मले मालूम आहे. म्हणते, त्याले म्हणा पाणी पी अन् खाली बस, बीपी आहे त्याले.”

मी ते पाणी प्यालो. साऱ्या मंडपासमोर, लहान लेकरासारखा रडत. मग महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वळलो तर त्यांनी पाय मागं घेतले. म्हणाले, “माझ्याकडे काय आहे? तिकडे जा.” गावानं मला शिव्या घातल्या त्या मी खाल्ल्या, मोहल्ल्यातल्या लोकांनी वाट अडवली तेव्हा मान खाली घालून उभा राहिलो. सोमानंच काठी वर करून म्हटलं, येऊ द्या त्याले. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. विचारलं, कधीपासून मालूम होतं? तो म्हणाला, मासोळ्या वर आल्या त्याच सकाळी. खुंटा पाहिला, तर त्याच्यावरचा तणसाचा दोर उलट्या पिळाचा. डावरा मी आहे, सोमा नाही. माझा दोर उलटा वळतो, त्यावरून लहानपणी तो मला चिडवायचा. गावात तसा दोर दुसरा कोणी वळत नाही. बैठकीत तो दोर नुसता दाखवला असता तरी सोमा सुटला असता. त्यानं तो काढून घरी नेला, चुलीत टाकला आणि आपल्या हातचा दोर वळून खुंट्याला लावला. मी म्हटलं, काहून गा? काहून असं केलं? तर म्हणाला, “पोरीचं लगन होतं ना तुझ्या. मोडलं असतं.” आणि पुढं म्हणाला, “मले वाटे, तू येशीन. लगन झालं का येशीन. मंग वाटे, यंदा भुजलीले येशीन. दरसाल एक जुडी तुझ्यासाठी बाजूले ठेवत होतो मी.” ज्या घाटावर मी तोंड चुकवून जात होतो, त्या घाटाच्या खाली तो माझी वाट पाहत बसला होता. गुडघ्यांचं सोंग म्हणत होतो मी त्याला.

दुसऱ्या सकाळी सब्बल घेऊन त्याच्या अंगणात गेलो. गावानंही ठरवलं होतं, मान सोमाचा, सोमाला परत. त्यानं सब्बल मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे परत सरकवली. पाळीच्या पायऱ्या त्याच्यानं होणार नव्हत्या. मी म्हटलं, मी उचलून नेतो तुला. त्याला हसू आलं, म्हणाला, मायासारखं ओझं उचलायचं तुझं वय आहे का आता? नाव परत मिळालं, पण ते घेऊन जिथं जायचं ती पाळ आता त्याच्यासाठी फार उंच झाली होती. दोन वर्षं आधी गेलो असतो तरी तो चढला असता. हे मला फेडता येणार नाही, देवाला सांगूनसुद्धा नाही. मग सोमा म्हणाला, “तूच राख. पण रोज येऊन मले पाणी सांगत जा.” तेव्हापासून रोज सकाळी मारुतीला दिवा लावला की मी पाळीवर जातो, दगड पाहतो आणि सोमाच्या अंगणात जाऊन सांगतो. दोन विती पाणी आहे वर. आज चार बोटं उतरलं. तो डोळे मिटून ऐकतो, त्याला सगळा तलाव दिसतो तेव्हा. माझं खरं देवदर्शन तेच आहे असं मला वाटतं. भुजलीची जुडी आता सरळ हातात पडते, पण नऊ जुड्या वाळून गेल्या त्या गेल्याच.

गेल्या वर्षी हस्तानं पुन्हा पाठ फिरवली. पाणी एकेका बांधीतून पुढं आलं, आणि माझ्या धुऱ्याशी येतायेता दगडाचं डोकं दिसलं. अगदी तसंच. खोटं नाही बोलत, हात सब्बलीवर थोडा वेळ थांबला. धान उभं होतं, माझंच होतं, आणि पाळीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मग मी म्हटलं, देवा, दगडाखालचं तुझं. कधी माझं नव्हतंच. दोर वळला, खुंटा मारला आणि सोमाकडे गेलो. सांगितलं, पाणी दगडाला टेकलं, बंद केलं. त्यानं विचारलं, “तुझ्या बांधीत गेलं का?” मी म्हटलं, नाही. मग त्यानं विचारलं, “दोर कसा वळला?” मी म्हटलं, “उलटाच. दुसरा कुठं येते मले?” तो हसला, खरंच हसला, पोरपणी हसायचा तसा. घरात आवाज दिला, दोन कप चहा टाका म्हणून. माझ्या दोन्ही बांध्या त्या वर्षी वाळल्या. आणि त्या दुपारी त्याच्या अंगणात, खाटेवर, इतक्या वर्षांनंतर मला पहिल्यांदा गाढ झोप लागली. उठलो तर सोमा बाजूला बसून दुपट्ट्यानं माझ्यावरच्या माश्या हाकलत होता.